पडद्यापलीकडचा हात

३ जून
आले एकदाची. वन्संनी खिडकीजवळची खोली दिली, पुस्तकांना फळीसुद्धा. बॅग उचलायला गेले तर ओरडल्या, एक हात शिवलेली माणसं इथे फक्त आयतं खातात. खूप दिवसांनी हसले. अपघातात काचेने डावं मनगट कापलं. नस शिवली आहे, पण तळवा आणि बोटं परक्याची वाटतात. हाताचा दवाखाना गल्लीच्या टोकालाच आहे.

५ जून
दवाखान्यातली थेरपिस्ट मुलगी बडबडी आहे. हात पडद्यापलीकडे ठेवायचा. ती नायलॉनचे बारीक-जाड धागे टेकवते, जाणवलं की मी ‘लागलं’ म्हणायचं. मध्येच ती मुद्दाम काहीच टेकवत नाही, म्हणजे अंदाजपंचे बोलणारे सापडतात. मी गप्पच होते. म्हणाली, काकू, नस गोगलगाईच्या चालीने वाढते, चिडू नका.
गाडीत याच हाताने मी यांचा हात धरला होता. दारात चेंगरून वाकडी झालेली त्यांची करंगळी, मी तिला रुसूबाई म्हणायची. तो हात केव्हा सुटला, ते केव्हा गेले, मला कळलंच नाही.

१२ जून
आज सारखी ‘लागलं’ म्हणत होते. मुलगी हसली. काकू, कॉपी करताय आणि तीही चुकीची! ती टेकवत नव्हती नेमकं तेव्हाच मला लागत होतं. धाग्यासारखं नाही. बोटासारखं.
मग डोळे मिटून चांगल्या हाताने वस्तू ओळखायला शिकवलं. चावी, बटण. घाई करायची नाही, कडेकडेने चाचपत जायचं.

१९ जून
दुपारी वाचत होते. तळव्यात हात आला. अख्खा. घाबरले नाही. घट्ट धरला. या वेळी सोडायचा नाही.
वन्संनी विचारलं, मूठ कसली आवळून बसलीस. म्हटलं, तुमचा भाऊ आलाय. त्यांनी माझ्यासमोरचा कप उचलला. मग म्हणाल्या, चहा निवला तुझा.

२१ जून
मूठ उघडत नाही. मुलगी म्हणाली, बोटं आखडली असतील. सरळ करायला तिने ओढलं, आणि पलीकडून कुणीतरी ओढलं. तिने हात झटकन मागे घेतला. उद्या डॉक्टरांना बोलावते, एवढंच म्हणाली.

२२ जून
सकाळ. वन्सं बाजारात.
डोळे मिटले. शिकवलं तसं, उजव्या हाताने, कडेकडेने. मुठीत बोटं आहेत. गार. अंगठा. मधलं. शेवटी करंगळी —
सरळ आहे.
पुन्हा चाचपली. सरळ.

मी सोडलं. डावी मूठ उघडली, पूर्ण. तरी तो हात सोडत नाही —
मीच धरून ठेवला इतके दिवस. मीच —

दार वाजलं. वन्सं आल्या. हाक मारते, पण आधी हे लिहून —
उजव्या हाताला काहीतरी लागलं. पेन धरलेल्या बोटांवरून कुणाची तरी बो