सोळा नावांच्या एका वाचकिणीस शेवटचा भाग

मी, उमैयाळ अण्णामलै, वय वर्षे अडुसष्ट, राहणार कारैक्कुडी, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. सूनबाईंच्या मते माझी शुद्ध दहा वर्षांपूर्वीच गेली, मी मोबाइलवर गोष्टी लिहायला लागले तेव्हा. त्यांचं मत इथे नोंदवलं आहे. ग्राह्य धरलेलं नाही.

१. राहतं घर मुलगा चिदंबरम यास. गच्ची गळते, हे त्याला आठ वर्षं सांगतेय. आता त्याच्याच डोक्यावर गळू दे.

२. पणियारमचा, म्हणजे आप्प्यांचा, बिडाचा तवा सून वळ्ळी हिस. "अत्तै, दुसऱ्याच्या मालिकेतली माणसं उचलून कसल्या गोष्टी लिहिता?" असं ती चारचौघांत म्हणाली होती. अगं बाई, मालिकावाल्यांनी पूंगोडीला चारशे बाराव्या भागात नवऱ्यापासून तोडून सिंगापूरला धाडलं आणि साफ विसरले! तिला परत कुणी आणायचं? मी आणलं.

३. आता कबुली. "तीस प्रतिक्रिया आल्याशिवाय पुढचा भाग नाही," असा माझा नियम होता. हो, खंडणीच ती. पण हे गेल्यापासून माझ्या बोलण्याला हूं म्हणणारंही घरात कुणी नव्हतं. कुणी नुसतं "छान" लिहिलं तरी माझा दिवस बरा जायचा.

तीस भरायच्या, मी फुशारायची. मग एकदा सगळ्या सलग वाचल्या. सोळा निरनिराळ्या नावांच्या बाया, आणि पूंगोडीच्या नादात प्रत्येकीचं इस्त्रीखालचं कापड करपलेलं! त्यांतल्याच एकीला, तेन्काशीला शिवणकाम करणाऱ्या तेन्मोळीला, विचारलं, तर म्हणते कशी, "मग काय करू आच्ची? तीस माणसं आणू कुठून? तुम्ही तर हटून बसता!"

मला भयंकर राग आला. सिंगापूरहून परतलेल्या पूंगोडीला तिरुच्चीच्या विमानतळावर बॅगेची वाट बघत उभी ठेवून मी गोष्टच बंद केली. त्याला दोन वर्षं झाली. तेन्मोळी अजून दर पोंगलला विचारते, "आच्ची, बॅग मिळाली का हो तिची?"

४. ~~शेवटचा भाग मोबाइलमध्ये लिहून पडला आहे. माझ्या मृत्यूनंतर तो तेन्मोळीस बिनशर्त द्यावा.~~

हे कलम मी स्वहस्ते खोडलं आहे. मेल्यावर ती काय म्हणाली, ते मला कोण वाचून दाखवणार? साक्षीदारांना कॉफी देऊन बसवलं आणि भाग आत्ताच टाकला.

५. अर्ध्या तासात एक प्रतिक्रिया आली, तिच्या खऱ्या नावाने: "आच्ची, खूप रडले. पण त्या नवऱ्याला एवढ्यात माफ केलंच कसं तिने? मला नाही पटलं. बदला."

पोरीचं बरोबर आहे. बदलायला घेतलं आहे. निदान वीस भाग लागतील. तोवर हे मृत्युपत्र अमलात आणण्याची कुणी घाई करू नये.

स्थळ: कारैक्कुडी
दिनांक: ११ जून २०२४
सही: उमैयाळ अण्णामलै

आमच्यासमक्ष सही झाली:
१. मुत्तुकरुप्पन, निवृत्त पोस्टमास्तर
२. सेल्लप्पन, औषध दुकानदार