सोलमध्ये आठ दिवस

३ ऑक्टोबर १९७७
कोरियाचं नक्की. सोल शहर, आठ दिवस. आमचे सोलापुरी टॉवेल बघायला पाक नावाच्या व्यापाऱ्याने बोलावलंय. पण टॉवेल हे निमित्त. मी कोरियन कल्चर आणि फूडचा अनुभव घ्यायला चाललोय. देश समजायला आठ दिवस खूप झाले. सोलापूरजवळचं मोहोळ मला अर्ध्या तासात समजलं होतं.
चुलतभाऊ रेवणअण्णा बरोबर. पेढीत वडीलधारे ते, इंग्रजी शून्य. सॅम्पलची बॅग धरतील. परदेशचं काम यापुढे माझ्याच हाती, हे या ट्रिपमध्ये पक्कं करायचं.

८ ऑक्टोबर
निश्चय: तिकडे फक्त कोरियन जेवण. शाकाहारी असलं की झालं. दोन पेन्सिलींनी शेंगदाणे उचलायची प्रॅक्टिस. एक उचलला. बाकीचे बायकोने, सुंदरम्माने, केरसुणीने उचलले. कडक भाकरी बांधून देऊ का म्हणाली. सक्त नकार.

१७ ऑक्टोबर, सोल
थंडी. पाकने आल्या आल्या वय विचारलं. मॅनर्स नाहीत. चव्वेचाळीसचे अडतीस सांगितले. शोभतात. अण्णांनी बोटांवर खरे साठ दाखवले. जेवताना अण्णांना आत कोपऱ्यात बसवलं, मला दाराजवळ. हवेशीर जागा इंग्रजी येणाऱ्यालाच.

१८ ऑक्टोबर
कोबीचं आंबवलेलं लालभडक लोणचं. एक घास. डोळ्यांतून, नाकातून कल्चर वाहिलं. अण्णांनी तीनदा मागून घेतलं. म्हणाले, लई झ्याक हाय की.
बॅगेच्या तळाशी कडक भाकरी सापडल्या. सुंदरम्मा ऐकेल तर शपथ. तुलनात्मक अभ्यासासाठी दोन खाल्ल्या.

१९ ऑक्टोबर
चार भाकरी. अभ्यास जोरात.

२१ ऑक्टोबर
आम्ही शाकाहारी म्हणून पाकने बौद्ध मठात जेवायला नेलं. चार वाडगी, सगळे गप्प. मी प्रत्येकात थोडं उष्टं टाकलं. सभ्य माणसं टाकतातच. अण्णांनी घरच्यासारखं केलं. वाडगी पुसून खाल्ली, पाणी ओतून बोटाने फिरवलं आणि पिऊन टाकलं. प्रसाद वाया जाऊ नये, ही आम्हा लिंगायतांची जुनी चाल. मी ती कॉलेजात सोडली. लाजेने मेलो.
बघतो तर सगळे भिक्षूही वाडगं धुऊन तेच पाणी पितायत! अण्णांना ओशाळं वाटू नये म्हणून असणार. केवढा सुसंस्कृत देश. पाक अण्णांपुढे कमरेत वाकला. माझ्या उरलेल्या भाताकडे सगळे टक लावून बघत होते. मॅनर्स शिकत असावेत.

२४ ऑक्टोबर, विमानात
ऑर्डर मिळाली. माझं इंग्रजी! सह्या तेवढ्या अण्णांच्या घेतल्या. कोरिया पूर्ण समजला. भाकरी संपल्या.

१२ डिसेंबर, सोलापूर
पाकचं पत्र. इंग्रजीत, म्हणून पेढीवर मीच मोठ्याने वाचलं. आदरणीय रेवणप्पांनी, म्हणजे अण्णांनी, पुढच्या वर्षी पत्नीसह पंधरा दिवस घरी पाहुणे म्हणून यावं. व्यवहार यापुढे त्यांच्याशीच होईल. पुढची ओळ मनातच वाचली. दुभाषा आम्ही नेमला आहे, तेव्हा तुमच्या तरुण मदतनिसाला आणायची तसदी घेऊ नये.
अण्णांनी विचारलं, तुजं काय लिवलंय रं? म्हटलं, तब्येत विचारलीय. वाईट वाटलं. फार वाटलं. अण्णा खूश. म्हणाले, मग लगीच जवाब लिव की, आमी दोघं येतो म्हणून.
लिहिला. इंग्रजीत. एकही चूक नाही.