मागच्या बाजूची गाणी

खारघर,
मंगळवार, दुपारचे तीन

प्रिय पायल,

तळोज्याला पोस्टमन येतो का गं अजून? तुझ्या त्या सोसायटीतले सगळे टॉवर एकाच रंगाचे, तेव्हा हे पाकीट भलत्याच पायलच्या हाती पडलं तर तिने खुशाल चहा पीत वाचावं आणि मग तुझ्याकडे पोचतं करावं. पप्पांकडे पाकीट मागितलं तर चष्म्यावरून बघत विचारतात, कोर्टाचं काही आहे का. म्हटलं, नाही, पायलला पत्र लिहितेय. तर म्हणाले, मेट्रोने वीस मिनिटांवर राहते ती, जाऊन का येत नाहीस? मी पाकीट घेऊन माझ्या खोलीत आले.

बातमी आधी सांगते. आपली रेकॉर्ड निघतेय. हो, 'पाणथळ'ची, तुझ्या-माझ्या बँडची. रूपेश आठवतो ना? आपल्या प्रत्येक कार्यक्रमात पहिल्या रांगेत पाठीवर सॅक घेऊन उभा राहायचा आणि नेमका ताल सोडून मान डोलवायचा, तो. आता तो दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये रेकॉर्ड कंपनी चालवतो. एका खोलीत त्याची बायको सोनल मुलांच्या शिकवण्या घेते आणि दुसरीत रेकॉर्डचे खोके. त्याला आपली नावाजलेली गाणी नकोत. आपल्या कॅसेटच्या मागच्या बाजूला भरलेली अकरा गाणी त्याला एका मोठ्या काळ्या तबकडीवर हवीत. मी म्हटलं, अरे बाबा, ही गाणी आमच्या आयांनीसुद्धा ऐकलेली नाहीत. तो म्हणाला, "म्हणूनच तर." येत्या अठ्ठावीस तारखेला, शनिवारी, बेलापूरला एका छोट्या हॉलमध्ये प्रकाशन आहे आणि आपण दोघींनी तिथे ती गाणी वाजवावीत असा त्याचा हट्ट आहे. तुझ्याबद्दल मी त्याला विचारून सांगते म्हटलं. त्यालाही आता आठ दिवस झाले.

लोकांना वाटतं आपण कॅसेट काढल्या त्या फॅशन म्हणून. त्यांना काय माहीत, शिरवण्याच्या नाक्यावरचं पप्पांचं कॅसेटचं दुकान बंद झालं तेव्हा कोऱ्या कॅसेटचे तीन खोके आमच्या माळ्यावर येऊन बसले आणि ते हलवा म्हणून आईने जीव खाल्ला. तू तेव्हा तळोज्याच्या कॉलनीत जयंतीच्या स्टेजवर गाऊन गाऊन तयार झालेली. खांबावरच्या चार भोंग्यांतून जाणारा आवाज माझ्या दहा बाय दहाच्या खोलीत कसा मावायचा याचीच पंचाईत. माइकपासून सरकत सरकत तू दारापर्यंत जायचीस. पुढच्या बाजूच्या एका गाण्याला आपण वीस-वीस दिवस घालायचो. तू गायचीस, मी कीबोर्डवर तीच सुरावट पन्नास वेळा बदलायचे. आणि कॅसेट तयार झाली असं वाटलं की पप्पा दारात उभे: "मागची बाजू कोरी देऊ नका गं. गिऱ्हाईक शिव्या घालतं." त्यांनी आयुष्यभर गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीबरहुकूम कॅसेटी भरून दिल्या, एकीचीही मागची बाजू कोरी गेली नाही. मग तूच तो नियम काढलास. पुढच्या बाजूला तू गाणार, मी वाजवणार. मागच्या बाजूला मी गाणार, तू वाजवणार. एकाच दमात, दुरुस्ती नाही. मी किती विरोध केला होता. मला गाता येत नाही हे सगळ्या जगाला माहीत होतं आणि तुला वाजवता येत नाही असा आपला दोघींचा समज होता.

गेला आठवडाभर मी ती गाणी मूळ कॅसेटवरून उतरवून घेतेय. दुपारी पडदे ओढते, हेडफोन लावते आणि मग घड्याळाचं काही खरं नसतं. आधी टेपची खरखर येते, मग आपल्या खोलीतला पंखा, मग तू. 'गच्चीवरची टाकी'मध्ये तू एकच सूर धरून ठेवलायस, पट्टीच्या फटीत काडेपेटीतली काडी खोचून, आणि मोकळ्या हाताने वरून एकेक सुटा सूर सोडतेयस. घाई नाही, कुठे पोचायचं नाही. मी त्यावर गाते म्हणण्यापेक्षा पुटपुटते, कारण मला वाटत होतं शेजारच्या अरुणाताई ऐकतायत. तिसऱ्या मिनिटाला आईच्या कुकरची शिट्टी होते. वाजवायला मी असते तर थांबले असते आणि आईशी भांडले असते. तू शिट्टीचा सूर शोधून काढलास आणि अख्खं गाणं अलगद उचलून तिथे नेऊन ठेवलंस, आणि मीही न कळता तुझ्या मागून गेले. 'ओहोटी'च्या सुरुवातीला सीवूड्सच्या पाणथळीतला वारा आहे. आपण रेकॉर्डर घेऊन बांधावर बसलो होतो, समोर फ्लेमिंगोंचा थवा चिखलात चोची घालून उभा, आणि मग कुणी सांगितल्यासारखे सगळे एकदम वळले होते. त्या वाऱ्यात तुझा श्वासही ऐकू येतो. मी डोळे उघडते तेव्हा चहा गार झालेला असतो, खिडकीतून वरच्या रुळांवरून मेट्रो सरकत असते आणि क्षणभर कुठलं साल चालू आहे ते आठवत नाही. एक गोष्ट मात्र या आठ दिवसांत नक्की कळली. तू माझ्यापेक्षा चांगली वाजवतेस. लिहिताना जरा लागलं, पण लिहून टाकलं.

तुझ्या ऑपरेशनला आता दीड वर्ष होईल. गळ्यातली गाठ साधी निघाली त्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटले होते. आवाजाची शीर गाठीला चिकटून आहे, ती दुखावू शकते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, तुला आणि तुझ्याबरोबर आलेल्या मलाही. मग तुझ्या आईचा फोन आला. म्हणाल्या, "जीव वाचला पोरीचा. आवाज बसलाय, कायमचाच म्हनतेत. चालायचंच." मी हो हो म्हटलं, बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले. त्यानंतर आपण भेटलो नाही. कीबोर्डवर मी ओढणी टाकली ती टाकलीच. कुणी विचारलं की सांगायचं, पायलला शांतता हवी आहे, ती कुणाशी बोलत नाही, मलाही टाळते. पप्पांना हेच सांगितलं, रूपेशला हेच. चारचौघांत बोलून बोलून मलाही ते खरं वाटायला लागलं, आणि कधीकधी तर मला तुझा रागसुद्धा यायचा.

पायले, ते खोटं होतं. ऑपरेशननंतर बाराव्या दिवशी तू मला व्हॉइस मेसेज पाठवला होतास, बावीस सेकंदांचा. मी तो ऐकलाच नाही. भरलेल्या कॅसेटवर दुसरं काही भरलं की आधीचं पुसलं जातं, हे बघत मी दुकानात वाढले; तुझा नवा आवाज एकदा कानात गेला की जुना जाईल अशी मला भीती वाटली. म्हणून न ऐकताच टाइप केलं, 'आधी आराम कर, बाकीचं मग बघू,' आणि खाली एक बदाम. मग फोनच्या यादीत तुझं नाव रोज थोडं थोडं खाली सरकत गेलं आणि मी सरकू दिलं. आज जेवण झाल्यावर पंखा बंद केला आणि ऐकला. तुझा आवाज घोगरा आहे, मध्येच तुटतो, आणि तुझाच आहे. माझं नाव तर अगदी तसंच घेतेस. तू म्हणतेस, "गीते, ऐक ना. गाणं संपलं माझं, त्याचं टेन्शन नको घेऊ. हात शाबूत हायेत. मागच्या बाजूची गाणी करूया. मी वाजवते, तू गा. येऊ का?" आणि याला मी काय उत्तर दिलं ते वर लिहिलंच आहे. दीड वर्ष तू माझा नकार घेऊन तिथे बसलीस आणि इथे मी तुझ्याच नावाने बोटं मोडली. माफी मागायला तोंड नाही, तरी मागते. टाइप केलेल्या एका ओळीने हे सगळं झालं, म्हणून आज हाताने लिहितेय. रेकॉर्डचं, अठ्ठावीस तारखेचं काय ते तू ठरव, रूपेशला मी सांभाळून घेईन. हे पत्र त्या बावीस सेकंदांचं उत्तर आहे, फार उशिरा आलेलं. हो, ये. ओढणी काढून कीबोर्ड पुसून ठेवला आहे. मला गाता येत नाही, तरी तू वाजव, मी गाते.

तुझीच,
गीते