‘आधी वापरून पाहा’ या तुमच्या सल्ल्याबद्दल

प्रिय साडूभाऊ,

सप्रेम नमस्कार. तुमची कंबर आता वाकू लागली असेल, म्हणजे तुम्हाला हवी तेव्हाच वाकत असेल, अशी आशा करतो. ताईंचा खोकला गेला का? इकडे सगळे ठीक आहे. (हे वाक्य पत्राच्या सुरुवातीला घालायची पद्धत आहे म्हणून घातले. पुढील मजकुराशी त्याचा संबंध नाही.)

तुम्ही पाठवलेला पेनड्राइव्ह पोचला. आमचा लॅपटॉप म्हातारा झाला, नव्या प्रणालीचा भार त्याला सोसणार नाही, असे विकणाऱ्यांनी सांगितल्यावर तुम्ही फोनवर म्हणाला होतात, “शास्त्रीबुवा, लिनक्स टाका. फुकट आहे, खुलं आहे, कुणाच्या बापाचं नाही.” फुकटची वस्तू निवडणे इतके कष्टाचे असते, हे मात्र सांगितले नाहीत. मूळ सूत्र एकच आणि त्याच्या आपापल्या आवृत्त्या काढणारे भाष्यकार शेकडो! घड्याळ पडद्याच्या वर असावे की खाली, एवढ्यावरून संप्रदाय फुटलेले. एका चर्चास्थळी कुणा नवख्याने विचारले होते, “मी कोणतं घेऊ?” तिसऱ्या उत्तरापर्यंत तो नवखा विस्मृतीत गेला होता आणि दोन पंडित परस्परांची बुद्धी मोजत होते. पाठशाळेतल्या वादसभा आठवून मला भरून आले. माझा हा अभ्यास पाहून ही म्हणाली, “लग्नाच्या वेळी केला होतात का एवढा विचार?” मी म्हटले, “तेव्हा पर्याय एकच होता.” (त्यानंतरचे संभाषण देत नाही.) अखेर सर्व मते तोलून मी तुमच्या पेनड्राइव्हवर जे होते तेच घेतले, कारण ते पेनड्राइव्हवर होते.

“लगेच बसवू नका, आधी वापरून पाहा,” हा तुमचा सल्ला मी अक्षरशः पाळला. सगळे पेनड्राइव्हवरूनच सुरू झाले, आणि झकास चालले. सुरुवातीलाच एक सूचना आली होती, की या अवस्थेत केलेले काहीही यंत्र बंद केल्यावर टिकणार नाही. ती मी पूर्ण वाचली. त्यात दोन शब्द एकमेकांना चिकटले होते. ते मनातल्या मनात सुटे केले आणि पुढे गेलो. साडूभाऊ, छापखान्यात मुद्रिते तपासण्यात जन्म गेला की वाक्य शुद्ध आहे की नाही एवढेच दिसते. ते आपल्याला उद्देशून आहे, अशी शंकाही येत नाही.

शिवाय मी यंत्र बंद कधी करतच नव्हतो. नुसते झाकण मिटायचे. उघडले की सगळे जागच्या जागी. पडद्यावर ‘बसवा’ असे एक चित्र रोज दिसे. त्याच्या उतावीळपणाची मला गंमत वाटे. जे इतके छान चालले आहे ते आणखी कुठे बसवायचे?

आता मुख्य गोष्ट. आपल्या सासऱ्यांवर भावंडे जी पुस्तिका काढत आहेत, तिच्यासाठीचा लेख हिने याच यंत्रावर लिहिला. किती दिवस हिच्याने एक ओळ होत नव्हती. मग एका रविवारी दुपारी बसली ती जेवणाचेही भान न ठेवता लिहून उठली, आणि तोंड धुवायला गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. तुम्हाला ठाऊकच आहे, वजनमापे खात्यातला तो करडा माणूस. आपल्या दोघांकडेही त्याने संशयित तराजूकडे पाहावे तसेच पाहिले. पण लहानपणी ही आजारी असताना ते हिला दर आठवड्याला काट्यावर उभी करत आणि वजन थोडे वाढवून सांगत, म्हणजे पोर घाबरू नये. आयुष्यभरात त्यांनी केलेले खोटे माप तेवढेच. हे हिने लिहिले होते.

परवा छापखान्यात पाने न्यायची होती, म्हणून, लेख त्यातच असणार असे धरून, मी पेनड्राइव्ह उपसला. पडदा थिजला. मी बटण दाबून यंत्र बंद केले, पुन्हा पेनड्राइव्ह खोचून सुरू केले. प्रणाली प्रसन्न मुद्रेने हजर झाली. लेख नव्हता. जणू ही कधी काही लिहायला बसलीच नव्हती.

तो लेख मी तपासला होता. कोणत्या ओळीत स्वल्पविराम राहिला, कुठे अनुस्वार जास्त पडला, हे मला आजही सांगता येते. वाक्ये आठवत नाहीत.

हिला मी अजून काही सांगितलेले नाही. यंत्र ‘स्थिरावते आहे’ असे म्हणालो आहे. तुमची प्रणाली उत्तम आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही.

लोभ आहे तेवढा असू द्यावा.

तुमचा,
शास्त्रीबुवा

ता. क. : हिने तो लेख ताईंना फोनवर वाचून दाखवला होता. ताई ऐकलेले विसरत नाहीत (साखरपुड्याच्या वेळचे माझे बोलणे त्या अजून शब्दशः म्हणून दाखवतात). आठवेल तेवढे त्यांच्याकडून लिहवून घ्यावे आणि मला पाठवावे. कारण सांगू नये.

आणखी ता. क. : पाकीट चिकटवणार तोच ही येऊन म्हणाली, “बाबांवरचा तो लेख द्यायचा नाही. मी त्यांना फारच गोड करून टाकलंय. नव्याने लिहिते.” मी अत्यंत उदार मनाने “तुझी इच्छा” म्हटले. वरची विनंती खोडणार, इतक्यात दारातून वळून म्हणाली, “जुना तेवढा छापून आणा. तो समोर ठेवूनच लिहीन.”

तेव्हा ताईंना आजच बसवावे.