जड ऑक्सिजनची वडी

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, पदार्थविज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. डोकं शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. स्वभावाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक मुलाला. छत कुठे गळतं ते त्याला ठाऊक आहे.

२. माझी खुर्ची विभागप्रमुखांना. त्यांचा तिच्यावर फार वर्षं डोळा होता. एक पाय आखूड आहे, बसल्यावर कळेल.

३. कपाटातली शर्टाच्या बटणाएवढी काळी वडी, लहान भट्टी आणि दोन वह्या माझ्या भाचीला. कारण लिहिणं भाग आहे.

ही वडी खूप थंड केली की तिच्यातून वीज विनाअडथळा वाहते, कारण एरवी एकमेकांना टाळणारे इलेक्ट्रॉन जोडीने चालू लागतात. ही जोडी कोण जुळवतं, अणूंची थरथर की त्यांचं चुंबकत्व? मी जन्मभर चुंबकत्वाच्या बाजूने भांडलो. थरथरीचा यात काडीचाही हात नाही, असं ठासून सांगितलं. माझ्याकडे संशोधन करणाऱ्या भाचीने वडीतला नेहमीचा हलका ऑक्सिजन काढून त्याच्या जागी जड, म्हणजे जास्त वजनाच्या अणूंचा, ऑक्सिजन भरला. जड अणू सावकाश थरथरतात, चुंबकत्व जवळपास तेच राहतं. तरीही जोड्या जुळण्याचं तापमान दीड अंशाने उतरलं, म्हणजे थरथरीचा हात होता.

"तुझी भट्टी गळते. ऑक्सिजनच कमी भरलाय, म्हणून तापमान उतरलं," मी म्हणालो.

"मग त्याच वडीत पुन्हा हलका भरून मोजते. तापमान वर आलं तर भट्टी निर्दोष. एकदाच करू द्या ना, मामा."

प्रयोगशाळेत ती मला सर म्हणायची. मामा तेवढं एकदाच म्हणाली. मी वडी कपाटात ठेवून किल्ली खिशात घातली. तिने प्रबंध सोडला. आता शाळेत गणित शिकवते. माझी बहीण जाईपर्यंत विचारत होती, "पोरीचं काय चुकलं रे दादा?" मी सांगायचो, "मोजमाप."

पुढच्या वर्षी ती चाचणी मी गुपचूप केली. हलका भरला, तापमान दीड अंश वर. जड भरला, पुन्हा खाली. पोरीचं काहीच चुकलं नव्हतं. वीस वर्षं मी मूग गिळून बसलो आणि याची मला लाज वाटते.

४. वडीत सध्या जड ऑक्सिजन आहे. माझ्या आकड्यांवर भाचीने विश्वास ठेवू नये, स्वतः मोजावं. निकाल तिच्या एकटीच्या नावाने छापावा. किल्ली सोबत जोडली आहे.

५. माझ्या प्रयोगशाळेतल्या काचकारागिराला काही ठेवलेलं नाही. साक्षीदाराला देता येत नाही, असं वकील म्हणतात. त्याने घेतलंही नसतं.

स्थळ: राहत्या घराची मागची खोली. दिनांक: ३ मार्च.
सही: मृत्युपत्र करणारा

साक्षीदार पहिली: डॉक्टरीणबाई. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार दुसरा: प्रयोगशाळेतला काचकारागीर. त्या चाचणीची नळी मी जोडली होती. गप्प मीही बसलो. तेही यात लिहून ठेवतो.