दुसऱ्या रविवारची हरकत

अण्णा,

मला तुम्हाला एकच गोष्ट विचारायची आहे, आणि ती मी एकदा विचारलेली आहे. तुम्ही उत्तरही दिलं होतं. त्या उत्तराच्या आधारावर मी इतकी वर्षं काढली. काल कळलं की ते खोटं होतं. आज हॉस्पिटलमधून ड्युटी संपवून आले, चहा ठेवला, तो उतू गेला, आणि मग गॅस बंद करून हे लिहायला बसले.

काल आपल्या गावात, चर्चच्या शेजारी बांधलेल्या नव्या हॉलला तुमचं नाव दिलं. फादर तरुण आहेत, तुम्हाला त्यांनी पाहिलेलं नाही. त्यांनी जालन्याला घरी येऊन मला आमंत्रण दिलं. म्हणाले, चर्चचा प्रचारक कसा असावा हे लोक अजून तुमच्या वडिलांच्या नावानं सांगतात. खोटं नाही ते. आमच्या लहानपणी फादर तालुक्याहून महिन्यातून एखाद्या रविवारी मोटारसायकलवर यायचे, मिस्सा करून दुपारी निघून जायचे. बाकीचं सगळं तुम्ही. रविवारची प्रार्थना तुम्ही घ्यायचात, मुलांना धर्मशिक्षण तुम्ही द्यायचात म्हणून सगळे तुम्हाला मास्तर म्हणायचे, आजाऱ्याच्या उशाशी तुम्ही, मयताला खांदा द्यायला तुम्ही. पेटी वाजवून गाणं उचलायचात तेव्हा सगळं चर्च तुमच्या मागे यायचं. शनिवारी आई भाकरी थापायची आणि तुम्ही चुलीशेजारी पाटावर बसून उद्याचं वाचन मोठ्यानं म्हणून बघायचात. एखादा शब्द अडला की आईला विचारायचात, तिला अक्षर ओळखता येत नव्हतं तरी. ती म्हणायची, "असं म्हणा, म्हंजे माणसाला कळंल." आणि तुम्ही तसंच म्हणायचात.

मला एक नाताळ आठवतो. मी नऊ-दहा वर्षांची असेन. मिस्सा झाल्यावर अंगणात जेवण. पाणी वाढायचं काम माझ्याकडे. आपल्या गावात ख्रिस्ती वस्त्या दोन, आपली ओढ्याकडची आणि ती माळावरची. आजोबांच्या काळात दोन्ही वस्त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याआधी गावानं दोन्हींनाही शिवेबाहेरच ठेवलेलं होतं. तरी आपली वस्ती माळावरच्या वस्तीला खालची समजायची. चर्चमध्ये त्यांच्या बायका दाराकडच्या बाजूला बसायच्या, आपल्या वेदीजवळ. कुणी ठरवलेलं नव्हतं, कुणी मोडतही नव्हतं. त्या दिवशी मी पाण्याची घागर घेऊन आधी आपल्या बायकांकडे गेले. तुम्ही सगळ्यांदेखत मला हाक मारली. "इकडं ये. तिकडनं सुरू कर. देवाच्या दारात आपले न् त्यांचे असं न्हाई." माझे कान गरम झाले होते. पण मी त्या बाजूनं सुरू केलं, आणि रडू आवरत मनात म्हटलं, माझे अण्णा सगळ्यांपेक्षा मोठे आहेत. इतकी पक्की बसली ती गोष्ट माझ्यात, की पुढे जे झालं ते मला आधी समजलंच नाही.

तो माळावरच्या वस्तीतला. शहागडला हायवेवरच्या गॅरेजमध्ये ट्रकचं काम करायचा आणि रविवारी तुमच्या पेटीला ढोलकीची साथ करायचा. तुम्हीच त्याला बसवलं होतं शेजारी. "हा न्हाई आला तं माझी पेटी लंगडी," असं तुम्ही आल्यागेल्याला सांगायचात. आमचं काय झालं, कसं झालं, ते लिहीत नाही. पोरंपोरी जवळ येतात तसे आलो. मी नर्सिंगचा कोर्स संपवून आले होते, त्याचं काम बरं चाललं होतं. तो चोरून काही करणारा नव्हता. सरळ आईला घेऊन आपल्या घरी आला. तुम्ही त्यांना खाटेवर बसवलंत, चहा दिलात. त्याच्या आईनं कपबशी खाली ठेवून विचारलं, "मास्तर, पोर पदरात घाला आमच्या." तुम्ही म्हणालात, "फादरशी बोलतो." तुम्ही बोललातही. फादर दक्षिणेकडचे होते, मराठी मोडकं होतं त्यांचं, पण खूश झाले. नावं पुकारायला सुरुवात करा म्हणाले.

आणि तुम्ही पुकारलीत. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं वाचायची, कुणाची हरकत असेल तर सांगायला सांगायचं, हे तुम्ही गावातल्या कितीतरी जोडप्यांसाठी केलं होतं. पहिल्या रविवारी तुमच्या तोंडून माझं नाव आणि त्याचं नाव मी एका श्वासात ऐकलं. आईनं घरी येऊन शिरा केला. तुम्हीही खाल्लात.

त्या आठवड्यात आपल्या वस्तीतली माणसं ओट्यावर येऊन बसली. मी आत पीठ मळत होते. एकजण म्हणत होता, "मास्तर, तुमच्याच पोरीनं सुरुवात केली तं मंग आमच्या पोरींचं काय? आम्ही तोंड कुठं लपवायचं?" दुसरा म्हणाला, "चर्चमधी एक हे बराबर. पर सोयरीक म्हंजे सोयरीक." मला भीती वाटली नाही, अण्णा. उलट मी कान देऊन तुमच्या उत्तराची वाट बघत होते. आता अण्णा त्यांना सुनावतील, असं मला वाटत होतं. तुम्ही काही बोलला नाहीत. मी समजले, तुम्ही मूर्खांच्या तोंडी लागत नाही.

दुसऱ्या रविवारी फादर नव्हते, प्रार्थना तुम्हीच घेतली. शेवटी नावं वाचलीत. तोच आवाज, तेच शब्द. मग चष्मा काढून खिशात ठेवलात आणि म्हणालात, "हरकत आहे. माझीच आहे. माझ्या पोरीची राजी न्हाई. तिच्यावर दबाव आल्ता, ती मला काल बोलली."

मी आदल्या दिवशी तुमच्याशी फक्त जेवायला वाढू का एवढंच बोलले होते.

पुढे मी हॉस्पिटलमध्ये रात्री जागताना यावर पुष्कळ विचार केला, तेव्हा तुमची अक्कल कळली. आपल्या ओसरीवर लग्न ठरलेल्या पोरापोरींना तुम्ही शिकवायचात, मी चहा आणून द्यायची आणि ऐकायची. "फादर लगीन लावत न्हाई, फादर नुसता साक्षीला उभा राहतो. लगीन ते दोघं एकमेकाला देतात. पोरीची राजी नसंल तं पोपानं येऊन लावलं तरी ते लगीन न्हाई." बापाची हरकत चर्चला चालत नाही, जातीची तर मुळीच नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत होतं? चालणारी हरकत एकच. ती तुम्ही माझ्या नावावर घातलीत.

मी उभी राहिले. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी म्हणाले, "माझी राजी आहे." आवाज फुटला. पुन्हा म्हणाले, "अण्णा, माझी राजी आहे." आणि तेवढ्यात तुम्ही पेटीवर हात ठेवून गाणं उचललंत. बायकांनी उचललं, माणसांनी उचललं. मी बोलत राहिले आणि गाणं चालत राहिलं. तुम्ही पहिलं कडवं पुन्हा घेतलंत. शेवटी मी खाली बसले. तो ढोलकी बाजूला ठेवून बाहेर पडला, त्याच्या मागे माळावरच्या बायका उठल्या, लेकरं उठली.

दुपारी मला मावशीकडे परतूरला पाठवलं. पुढच्या खेपेला फादर आले तेव्हा तुम्ही त्यांना काय सांगायचं ते सांगितलं असणार. मी परतूरहून त्यांना भेटायला निघाले तर मावशीच्या दिरानं स्टेशनवरून परत आणलं. माझ्यासाठी तो दोनदा मावशीच्या दारात आला, त्यालाही हाकलून दिलं. मग त्याच्या घरच्यांनी गाव सोडलं. माळावरची वस्ती कित्येक वर्षं चर्चमध्ये आली नाही. काही घरं दुसरीकडे प्रार्थनेला जाऊ लागली, ती गेली ती गेलीच. तुमच्याशेजारी ढोलकीला कुणी बसलं नाही. तुम्ही त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत, आणि लोक म्हणायचे, मास्तरांनी किती सोसलं.

माझं लग्न तुम्ही जालन्यातल्या एका कुटुंबात लावून दिलंत. माणूस चांगला निघाला. मी त्यांना पहिल्याच महिन्यात सगळं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा कधी काढलं नाही. मुलं शिकली. माझा संसार वाईट झाला म्हणून मी हे लिहीत नाही. उलट तो बरा झाला म्हणून तुम्ही सुटलात, आणि मीही तुम्हाला सोडून दिलं.

कारण तुमच्या शेवटच्या आजारपणात मी तुम्हाला विचारलं होतं. आई आधीच गेली होती. तुम्ही माझ्याकडे होतात, छातीत पाणी झालेलं, उशा लावून बसवायला लागायचं. सकाळी जालन्याचे फादर येऊन ख्रिस्तप्रसाद देऊन गेले होते. मी तुम्हाला पेज भरवत होते. तुमची मूठ माझ्या मनगटावर होती, लहान मुलासारखी. मी म्हटलं, "अण्णा, त्या रविवारी मी उभी राहून बोलले होते. तुम्हाला ऐकू आलं होतं का?"

तुम्ही दाराकडे बघितलंत. मग म्हणालात, "पेटीच्या आवाजात काय ऐकू येतंय, बाई? मला वाटलं तू नुसती उभी राह्यलीस."

मी चमचा खाली ठेवला आणि रडले. हलकं वाटलं, खरंच. म्हणजे अण्णा वस्तीच्या दबावाखाली एक खोटं बोलले, पण मी राजी आहे म्हटलेलं त्यांच्या कानावर गेलंच नाही. गेलं असतं तर ते थांबले असते. असं मी धरून चालले. तुमचे डोळे मी मिटले, तुमच्या कबरीवर क्रूस मी उभा केला, मुलांना तुमच्या गोष्टी सांगितल्या. काल त्या हॉलमध्ये माईक हातात दिला तेव्हा मी ओढ्याकडच्या आणि माळावरच्या, आता दोन्हीकडच्या थोड्याथोड्या उरलेल्या लोकांसमोर म्हणाले की माझ्या वडिलांनी देवाच्या दारात कुणाला आपलं-परकं केलं नाही. एखादा प्रसंग सोडला तर, असं मनात म्हटलं. टाळ्या पडल्या. माळावरची एक बाई टाळ्या वाजवत नव्हती, तेही मी पाहिलं.

नंतर जेवायला बसलो. माझ्या शेजारी आपल्या वस्तीतली ती म्हातारी होती, आईची मैत्रीण, चर्चमध्ये बायकांच्या बाजूचं गाणं उचलायची ती. आता दात नाहीत, भात कालवून कालवून खाते. ती माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "चांगलं बोललीस. बापाला माफ केलंस, देव तुझं भलं करंल."

मी म्हटलं, "मावशी, त्यांना ऐकूच आलं नव्हतं. पेटीचा आवाज होता ना."

तिनं घास हातातच ठेवला. "कुणी सांगितलं तुला?"

"तेच म्हणाले. जाताना."

"अगं, ढोलकी बंद व्हती त्या दिवशी. त्या पोरानं हात उचललाच न्हाई. नुसत्या पेटीत ऐकू न यायला काय झालं? आम्हा समद्या बायांला आलं. तुझ्या बापाला तं बराबर आलं. आम्ही गायचं थांबलो व्हतो, तवा त्यानं आमच्याकडं असं बघितलं न् पहिलं कडवं परत घेतलं. तू गप बसली तवा त्यानं पुढचं घेतलं." मग माझा चेहरा बघून ती म्हणाली, "जाऊ दे. आम्ही बी गायलोच की."

मी जेवण तसंच ठेवून उठले. बाहेर फादर पाहुण्यांसोबत फोटो काढत होते, मला बोलावत होते. मी गेले, उभी राहिले, फोटोत हसलेही असेन.

त्या रविवारी तुम्ही घाबरलात, हे मी समजू शकत होते. माणूस घाबरतो. पण तोंडात ख्रिस्तप्रसाद घेतल्या दिवशी, माझ्या हातून पेज खाताना, मी सरळ विचारलं असताना? तेव्हा ओट्यावर कुणी बसलेलं नव्हतं. तिथं तुम्ही आणि मीच होतो. तुम्ही फक्त हो म्हणायचं होतं. मी भरवायची थांबले नसते.

फादरांनी मघाशी फोन केला होता. हॉलच्या दाराशी लावायला तुमच्याविषयी चार ओळी लिहून मागितल्या आहेत. त्या लिहायला म्हणून कागद घेतला होता. त्यांना काय द्यायचं ते माहीत नाही. हे तर देणार नाहीच, आणि तुमच्या कबरीपाशी नेऊन वाचावं असंही मला आता वाटत नाही.

एक सांगते. कालपासून मी स्वतःला समजावतेय की म्हातारीचं वय झालंय, तिच्या डोक्यात एकाचं दुसऱ्यात मिसळत असेल. बसमध्ये तेच, रात्री तेच, आज पेशंटच्या सलाईनपाशी उभी असतानाही तेच. पण मी उठताना तिनं माझा हात धरून म्हटलं होतं, "तू त्या दिवशी तुझ्या आईची मोरपंखी साडी नेसली व्हतीस. पदराला पिना लावल्या व्हत्या."

साडी मोरपंखीच होती, अण्णा.