सदतीस ठिपके

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? काकांचा खोकला (आणि त्या निमित्ताने रिकामी होणारी मधाची बरणी) कसा आहे?

मी खुशाल आहे, अब्रू तेवढी गेली. गायनवर्गाच्या बाईंनी आमच्या छापखान्यात पुस्तिका छापायला दिली. पाच-पाच रेघा आणि त्यांवर दांडीचे गोळे, काही पोकळ, काही भरीव. वीस वर्षं प्रुफं तपासून माझ्या डोळ्याला फालतू ठिपका खपत नाही, आणि इथे तर गोळ्यांशेजारी ठिपकेच ठिपके. हात सवयीने चालतो ग, डोकं मागाहून येतं. शाई उडाली म्हणून मी पांढऱ्या शाईने सदतीस ठिपके बुजवले. (मालकांनी शाबासकी दिली. वीस वर्षांतली पहिली.)

तू जन्मभर पियानो शिकवलास, तुला काय सांगायचं? ठिपक्याने स्वर निम्म्याने लांबतो, दोन मात्रांचा तीन मात्रा चालतो. कार्यक्रमात जुनी मंडळी पाठ असलेलं गायली, नवी पुस्तिकेत बघून. नवी मंडळी गाणं उरकून खाली बसली तेव्हा जुनी अजून शेवटच्या कडव्यात उभी होती. लोकांना वाटलं, वर्गात भांडण झालंय.

दुसऱ्या दिवशी बाई छापखान्यात हजर. मी पार ओशाळलो. त्यांनी विचारलं, हे तुम्हाला वाचता येत नाही का? रागाने त्यांचं नाक लाल झालं होतं आणि ते त्यांना शोभत होतं. मी म्हटलं, नाही. त्या एकदम निवळल्या आणि दर गुरुवारी पाचला शिकायला या म्हणाल्या.

तेव्हापासून मी खालून रेघा मोजतो आणि तिसरीवर हमखास अडतो. मग त्या माझं बोट धरून रेघेवर ठेवतात. आत्या, मला त्या फार आवडतात. एवढं एक वाक्य लिहायला मला सहा आठवडे लागले.

तुझा,
भाचा

ता. क. बाई रविवारी तुझ्याकडे नवशिक्यांचं पुस्तक मागायला येताहेत. लहानपणी तू मला सात वर्षं शिकवलंस, याबद्दल अवाक्षर काढू नकोस. बाहेरच्या खोलीतला फोटोही (मी, पियानो आणि बक्षिसाचा कप) उतरवून ठेव.

आणखी ता. क. पत्र टाकायचं राहिलं, कारण आज गुरुवार. वही मिटून बाई म्हणाल्या, "ज्याला येत नाही तो दर वेळी नव्या जागी अडतो. तुम्ही फक्त तिसऱ्या रेघेवर अडता. हे मला दुसऱ्याच गुरुवारी कळलं."

म्हणजे पुढचे चारही गुरुवार त्यांनी सगळं कळून बोट धरलं.

फोटो राहू दे. काच तेवढी पुसून ठेव.